जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये घरच्या घरी वेगळे इंजिन बसवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येणाऱ्या प्रश्नांपैकी बहुतेकांचा रोख इंजिनाच्या ताकदीवर असतो. प्रत्यक्षात अर्धवट अवस्थेत वर्षानुवर्षे आच्छादनाखाली पडून राहिलेल्या गाड्यांमध्ये इंजिन केव्हाच बसवून झालेले असते. अडलेले असते ते वायरिंग, एखादा पाइप, क्लचचा सिलिंडर किंवा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा). म्हणून खालील उत्तरांमध्ये इंजिनापेक्षा त्याच्या जोडण्यांना अधिक जागा दिली आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इंजिन बदलायचे म्हणजे नेमके काय काय बदलावे लागते?

इंजिन हे गाडीला किमान आठ ठिकाणी जोडलेले असते: माउंटिंग, गिअरबॉक्स, इंधन, कूलिंग, एक्झॉस्ट, हवेचा मार्ग, वायरिंग आणि डॅशबोर्डवरील काटे. त्याशिवाय ब्रेक बूस्टरला (ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या डब्याला) लागणारी निर्वात नळी, ॲक्सिलरेटरची केबल, हीटरचे पाइप आणि पॉवर स्टिअरिंग असल्यास त्याचा पंप या गोष्टी उरतातच. वेगळ्या घराण्याचे इंजिन आणले की यांतली जवळजवळ प्रत्येक जोडणी नव्याने करावी लागते. इंजिन त्याच्या जागी उतरवण्याचे काम दोन दिवसांत होऊ शकते. उरलेल्या कामाला सुट्टीच्या दिवसांच्या हिशेबाने महिने लागतात.

२. घरी हे काम करणे खरोखर शक्य आहे का? कोणती साधने हवीत?

शक्य आहे. मात्र सपाट काँक्रीटची जमीन, इंजिन उचलण्याची क्रेन किंवा भक्कम तुळईला टांगलेला चेन ब्लॉक, चार चांगले स्टँड, टॉर्क रेंच, मल्टिमीटर आणि बऱ्यापैकी वेल्डिंग येणारा एक माणूस, एवढे जमल्याशिवाय सुरुवात करू नये. क्रेनचा हात जितका बाहेर ओढावा तितकी तिची वजन पेलण्याची क्षमता घटते, त्यामुळे क्रेनवर लिहिलेला सर्वांत मोठा आकडा आपल्या कामाचा नसतो. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरणे हा अपवाद नसलेला मनाई हुकूम समजावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि ईसीयू (इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) सोडवून ठेवावेत. इंधनाची टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते.

३. मूळ इंजिनाचीच ताकद वाढवणे अधिक शहाणपणाचे नाही का?

पुष्कळदा तेच शहाणपणाचे असते. त्याहून सोपा मधला मार्ग म्हणजे त्याच घराण्यातले मोठे इंजिन. डॅटसन २४०झेडमध्ये मूळ २.४ लिटरच्या एल-२४ ऐवजी त्याच मालिकेतले २.८ लिटरचे एल-२८ मूळ माउंटिंगवर बसते. मूळ १.६ लिटरच्या पहिल्या पिढीतील माझ्दा एमएक्स-५ मध्ये पुढे आलेले १.८ लिटरचे इंजिनही फारशी तोडफोड न करता बसते. मूळ इंजिनातून दुप्पट ताकद काढायची असेल, तर मात्र त्याचे आयुष्य आणि सौम्यपणा दोन्ही गमवावे लागतात. अशा वेळी जे इंजिन मुळातच तेवढ्या ताकदीसाठी घडवले आहे आणि कारखान्यातून आलेल्या स्थितीतच वापरता येते, ते आणणे तर्काला धरून आहे.

४. मग कोणते इंजिन निवडावे?

आधी दोन गोष्टी ठरवाव्यात: इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसणार की आडवे, आणि आपल्या गाडीत ते याआधी कितीजणांनी बसवले आहे. दुसरी गोष्ट ऐकायला नीरस वाटते, पण तीच निर्णायक आहे, कारण ज्या जोडीसाठी तयार माउंटिंग, ॲडॅप्टर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स जुळवणारी पट्टी) आणि सम्प (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) मिळतो, तिथे निम्मे प्रश्न इतरांनी आधीच सोडवलेले असतात.

जनरल मोटर्सचे एलएस घराणे इतके वापरले जाते, याचे कारण केवळ आवाज किंवा ताकद नाही. १९९७च्या कॉर्व्हेटमध्ये आलेल्या एलएस-१ची क्षमता ५.७ लिटर असली, तरी त्यात एकच कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) आहे आणि तो ब्लॉकच्या मध्यभागी आहे. त्यामुळे सिलिंडर हेड लहान राहतात. फोर्डचे ४.६ लिटरचे चार कॅमशाफ्टचे व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेले इंजिन) क्षमतेने लहान, पण रुंदीला याच्यापेक्षा बरेच मोठे आहे. जागेच्या हिशेबात लिटर नव्हे, हेडची रुंदी मोजावी.

होंडाची के मालिका ही हलक्या गाड्यांसाठी, विशेषतः एमएक्स-५ आणि लोटस एलिससाठी, लोकप्रिय निवड आहे. मधोमध इंजिन असलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा एमआर-२ मध्ये त्याच कंपनीचे ३.५ लिटरचे २जीआर व्ही-६ बसवतात. आमचे मत विचाराल, तर हजार किलोच्या आसपासच्या गाडीत चांगले चार सिलिंडरचे इंजिन व्ही-८ पेक्षा अधिक आनंद देते. हे मत सर्वांना पटत नाही, याची आम्हांला कल्पना आहे.

५. मोठे इंजिन बसवले की गाडीचे नाक जड होऊन वळणावर तिचा तोल बिघडतो ना?

तसे होईलच असे नाही. जुनी चार सिलिंडरची इंजिने बहुधा ओतीव लोखंडाची होती आणि नंतरची मोठी इंजिने ॲल्युमिनियमची आहेत. याचे उत्तम उदाहरण कारखान्यानेच घालून दिले. १९७३ ते १९७६ या काळात तयार झालेल्या एमजीबी जीटी व्ही-८ मध्ये रोव्हरचे ३.५ लिटरचे ॲल्युमिनियमचे इंजिन होते आणि त्याचे वजन मूळ १.८ लिटरच्या लोखंडी इंजिनाच्या जवळपासच होते. याउलट ट्रकसाठी बनवलेले लोखंडी ब्लॉकचे एलएस इंजिन त्याच्याच ॲल्युमिनियमच्या भावंडापेक्षा चाळीसएक किलोने जड भरते.

वजन किती याच्याइतकेच ते कुठे आहे हेही महत्त्वाचे आहे. इंजिन फायरवॉलकडे (इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्याकडे) मागे सरकवता आले आणि बॅटरी मागे नेली, तर तोल मूळच्यापेक्षा सुधारूही शकतो. काम सुरू करण्यापूर्वी चारही चाकांखालचे वजन स्वतंत्रपणे नोंदवून ठेवावे. नंतर स्प्रिंग निवडताना ते उपयोगी पडते.

६. सुटे इंजिन घ्यावे की अपघातात बाद झालेली अख्खी गाडी?

जागा असेल, तर अख्खी गाडी. सुट्या इंजिनासोबत ईसीयू, वायरिंगचा संपूर्ण संच, ॲक्सिलरेटर पेडल, इमोबिलायझरची (चोरीरोधक यंत्रणेची) चावी, ऑक्सिजन सेन्सर आणि इंधन पंप यांपैकी काहीतरी हमखास राहून जाते. शिवाय अख्ख्या गाडीत इंजिन सुरू करून ऐकता येते आणि तेलाचा दाब, कॉम्प्रेशन व धूर तपासता येतो. एसीचा वायू मात्र योग्य यंत्राने काढून घ्यावा. तो हवेत सोडणे अनेक देशांत गुन्हा आहे.

७. इंजिन मावेल की नाही, हे आधी कसे कळेल?

तीन ठिकाणी मापे अडतात. पहिले ठिकाण म्हणजे ऑइल सम्प. त्याचा खोल भाग पुढे, मध्ये किंवा मागे असतो आणि गाडीचा क्रॉसमेंबर (चेसिसची आडवी पट्टी) नेमका तिथेच आडवा आला, तर इंजिन खाली बसतच नाही. बीएमडब्ल्यू ई-३० मध्ये २४ व्हॉल्व्हचे सहा सिलिंडरचे एम-५० इंजिन बसवणारे त्यासाठी ई-३४ मॉडेलचा सम्प शोधतात, तो याच कारणासाठी. सम्प कापून स्वतः वेल्ड करायचा असेल, तर तेल ओढणारी नळीही बदलावी लागते आणि सम्पच्या तळापासूनचे तिचे अंतर मूळ मापाइतके ठेवावे लागते.

दुसरे ठिकाण स्टिअरिंगचा दांडा आणि त्याच्या शेजारून जाणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारे पाइप). इंजिन चालू असताना माउंटिंगवर हलते, त्यामुळे उभ्या गाडीत बोटभर दिसणारी फट पुरेशी नसते. त्याच बाजूला ब्रेक बूस्टर असतो. वर सांगितलेल्या ई-३० मध्ये इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांत हवा नेणारे पाइप) बूस्टरलाच अडते आणि लहान बूस्टर बसवावा लागतो. तिसरे ठिकाण बॉनेट. बॉनेटच्या आतल्या बाजूला मऊ मातीचे गोळे चिकटवून बॉनेट हळूच बंद केल्यास शिल्लक उंची नेमकी कळते.

पुठ्ठ्याचे किंवा फोमचे प्रतिरूप करून पाहणे वेळखाऊ वाटले, तरी करावेच. कापलेली चेसिस पूर्ववत करण्यापेक्षा पुठ्ठा पुन्हा कापणे सोपे असते.

८. माउंटिंग स्वतः तयार केले तर चालतील का?

चालतील, परंतु क्रम पाळावा. गिअरबॉक्स जोडलेले इंजिन आधी खऱ्या जागी टांगावे. सम्प, बॉनेट, स्टिअरिंग आणि शाफ्टचा कोन (प्रश्न १० पाहा) हे सगळे जुळल्यावर माउंटिंगचे तुकडे केवळ टाके मारून जोडावेत. मग इंजिन पूर्ण बाहेर काढावे, टाके टिकले आहेत याची खात्री करावी, पुन्हा आत बसवून मापे घ्यावीत आणि त्यानंतरच सलग वेल्डिंग करावे. कारखान्यातले रबर वापरावे. घन धातूचे माउंटिंग इंजिनाची थरथर थेट चेसिसमध्ये उतरवते आणि कालांतराने वेल्डला तडे जातात.

९. मूळ गिअरबॉक्स तसाच ठेवता येईल का?

दोन गोष्टी तपासाव्यात: तो नव्या इंजिनाचा टॉर्क पेलेल का, आणि बेलहाउसिंगची (क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या भागाची) भोके जुळतात का. भोके जुळत नसतील तर ॲडॅप्टर प्लेट लागते. तिच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक म्हणजे बोल्ट जुळले की काम झाले असे मानणे. इंजिनाच्या क्रँकशाफ्टचा आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एकाच रेषेत असावा लागतो. ही रेषा बोल्टमुळे नव्हे, डॉवेल पिनांमुळे (नेमकी जागा धरणाऱ्या खुंट्यांमुळे) जुळते. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून, क्रँक हाताने फिरवत बेलहाउसिंगच्या भोकाची एककेंद्रता मोजावी. काट्याचा एकूण फरक साधारण ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त आला, तर पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकाशी इनपुट शाफ्टला आधार देणारे) आणि क्लचची मधली चकती फार काळ टिकत नाहीत.

प्लेटच्या जाडीमुळे इनपुट शाफ्टचे टोक पायलट बेअरिंगपर्यंत पोहोचते का आणि स्टार्टरचा पिनियन दात्यांत पूर्ण शिरतो का, हेही पाहावे. वेगळ्या क्लचबरोबर हायड्रॉलिक सिलिंडरचे मापही तपासावे लागते, अन्यथा पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही. शक्य असेल तिथे इंजिनासोबत त्याचाच गिअरबॉक्स आणल्यास यांतली निम्मी डोकेदुखी टळते. त्याची किंमत गिअर लिव्हरची जागा आणि मधला बोगदा यांवर काम करून मोजावी लागते.

१०. गाडी विशिष्ट वेगाला थरथरते. प्रोपेलर शाफ्ट बॅलन्स करूनही फरक पडला नाही. का?

कारण दोष बहुधा शाफ्टमध्ये नसून कोनांमध्ये असतो. युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा) कोनात फिरताना त्याने फिरवलेल्या बाजूचा वेग एका फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तेवढ्याच कोनाचा जॉइंट योग्य दिशेने बसवलेला असेल, तर हा चढउतार परस्पर रद्द होतो. म्हणून गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टची रेषा आणि डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाच्या) पिनियनची रेषा एकमेकींना समांतर असाव्या लागतात. प्रत्येक जॉइंटचा कोन तीन अंशांच्या आत असलेला बरा. अगदी शून्यही नको, कारण मग आतल्या सुयांसारख्या बेअरिंग एकाच जागी दबून राहतात आणि तिथे खाचा पडतात. कोन मोजताना गाडीचे वजन चाकांवर असले पाहिजे.

निदानाची एक सोपी पद्धत अशी: ज्या वेगाला थरथर जाणवते, त्या वेगाला गिअर बदलून पाहावा. इंजिनाचे फेरे बदलूनही थरथर तशीच राहिली, तर दोष शाफ्ट, चाके किंवा डिफरन्शियलकडे आहे. फेऱ्यांबरोबर ती बदलली, तर इंजिन, क्लच आणि माउंटिंग तपासावे.

एमएक्स-५ आणि तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ या गाड्यांमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका लांब चौकटीने एकमेकांना जखडलेले असतात. वेगळा गिअरबॉक्स बसवताना ही चौकट काढल्यास डिफरन्शियलला नवा आधार द्यावाच लागतो.

११. डिफरन्शियलचे गुणोत्तर बदलणे आवश्यक आहे का?

आकडेमोड करून ठरवावे. १८५/६० आर१४ मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.८१५ मीटर असतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ९१८ फेरे घेते. सर्वांत वरचा गिअर ०.८१ आणि डिफरन्शियल ४.३ असेल, तर इंजिन मिनिटाला सुमारे ३,२०० फेऱ्यांवर चालते. लहान इंजिनाला हे शोभते. मोठ्या टॉर्कच्या इंजिनाला इतक्या फेऱ्यांची गरज नसते आणि पहिला गिअर तर जवळपास निरुपयोगी होतो. डिफरन्शियल ३.३ केल्यास तोच आकडा सुमारे २,४५० वर येतो. गुणोत्तराइतकाच ताकदीचाही प्रश्न असतो. लहान गाडीचे डिफरन्शियल आणि ॲक्सल हे नव्या टॉर्कखाली सर्वांत आधी तुटणारे भाग आहेत.

१२. वायरिंगची फार भीती वाटते. सुरुवात कुठून करावी?

भीती रास्त आहे, पण वायरिंग अवघड नसते. ते लांबलचक असते. नव्या इंजिनाच्या आणि जुन्या गाडीच्या वायरिंगचे दोन्ही नकाशे मिळवावेत. नव्या संचातून दिवे, काचा, एअरबॅग यांच्या तारा वेगळ्या काढाव्यात. मग उरते ते तुलनेने थोडे: कायम विद्युतपुरवठा, चावी फिरवल्यावरचा पुरवठा, इंधन पंपाचा रिले, पंख्याचा रिले, तपासणीचा सॉकेट आणि अर्थिंग. तार कापण्यापूर्वी दोन्ही टोकांना चिठ्ठी लावण्याची सवय ठेवावी.

इंजिन आणि ईसीयू एकाच पिढीचे हवेत. एलएस घराण्यातल्याच जुन्या इंजिनांच्या क्रँकवर २४ दात्यांची चकती असते, तर नंतरच्यांवर ५८ दात्यांची. चुकीच्या ईसीयूला क्रँकची जागाच कळत नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल, तर पेडलही ईसीयूला साजेसे लागते. इमोबिलायझर असलेला ईसीयू मूळ चावीशिवाय ठिणगी किंवा इंधन देत नाही. नव्या गाड्यांत ईसीयू कॅन बसवरून (घटकांना जोडणाऱ्या संदेशतारांवरून) इतर घटकांच्या उत्तरांची वाट पाहतो, तेव्हा स्वतंत्र प्रोग्रॅमेबल ईसीयू बसवणे सोपे पडते.

अर्थिंगच्या बाबतीत स्वतःची फजिती सांगतो. इंजिन आणि चेसिस यांच्यातली जाड पट्टी लावायची राहून गेली आणि चावी फिरवताच क्लचच्या केबलमधून धूर निघाला. स्टार्टरचा दीडशे-दोनशे अँपिअरचा प्रवाह परतीचा जो मार्ग सापडेल तो धरतो. त्या दिवशी तो मार्ग ती केबल होती.

१३. डॅशबोर्डवरचे जुने काटे चालतील का?

बहुतेक चालवता येतात. तापमान आणि तेलदाबाच्या काट्यांसाठी जुनेच सेन्सर नव्या इंजिनात ॲडॅप्टरने बसवावेत. ईसीयूचे सेन्सर वेगळे राहू द्यावेत. फेरे दाखवणारा काटा एका फेरीत किती स्पंदने येतात यावर चालतो, म्हणून सिलिंडरांची संख्या बदलली की त्याला रूपांतर लागते. केबलवर चालणाऱ्या स्पीडोमीटरसाठी नव्या गिअरबॉक्सवर केबलची सोय आहे का, ते गिअरबॉक्स घेतानाच पाहावे.

१४. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजेक्शनचे इंजिन बसवताना इंधनाच्या बाजूने काय बदलते?

दाब बदलतो आणि त्यामुळे जवळजवळ सगळेच बदलते. कार्ब्युरेटरला साधारण ०.२ ते ०.४ बार दाब पुरतो. इनटेकमध्ये फवारणाऱ्या इंजेक्शनला ३ ते ४ बार लागतो. जुने रबरी पाइप आणि साध्या क्लिपा तिथे आग लागण्याला आमंत्रण ठरतात. जुन्या टाकीत आडभिंती नसतात, त्यामुळे वळणावर इंधन एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरमधल्या साठ्यामुळे पूर्वी हे जाणवत नसे. टाकीत आडभिंती बसवणे किंवा लहान दुय्यम टाकी जोडणे, हे दोन उपाय आहेत. इंजिन बंद पडताच पंप बंद झाला पाहिजे. पंपाला चावीवरून थेट वीज देऊ नये.

१५. इंजिन उभ्या गाडीत तापते, चालत्या गाडीत ठीक राहते. रेडिएटर लहान आहे का?

बहुधा नाही. रेडिएटर लहान असता, तर ते वेगात आणि चढावर तापले असते. उभ्या गाडीत तापणे म्हणजे पंखा कमी पडतो, किंवा हवा रेडिएटरच्या आतून न जाता बाजूने निसटते. कडेच्या फटी पत्र्याने बंद केल्यावर अनेकदा नवा रेडिएटर घ्यावाच लागत नाही. इंजिन रेडिएटरपेक्षा उंच बसले असेल, तर वरच्या भागात हवा अडकते. त्यासाठी सर्वांत उंच जागी भरण्याची टाकी ठेवावी. एलएस इंजिनाच्या हेडवरील वाफेच्या बारीक नळ्या बंद करून टाकणे ही हमखास होणारी चूक आहे. पोर्शे ९१४ सारख्या हवेने थंड होणाऱ्या गाडीत सुबारूचे पाण्याचे इंजिन बसवणाऱ्यांना मात्र पुढे रेडिएटर आणि तिथपर्यंतचे लांब पाइप अशी संपूर्ण व्यवस्था शून्यातून उभी करावी लागते.

१६. ब्रेक बदलणे सक्तीचे आहे का?

वेगाची ऊर्जा वर्गाने वाढते. ताशी १०० ऐवजी १४० वरून थांबताना ब्रेकना जवळपास दुप्पट उष्णता सोसावी लागते. गाडी त्या वेगाला वारंवार जाणार असेल, तर उत्तर होय असे आहे. बूस्टर बदलावा लागल्यास (प्रश्न ७) मास्टर सिलिंडरचे मापही नव्याने ठरवावे.

१७. नोंदणी, विमा आणि प्रदूषण तपासणी यांचे काय?

नियम देशागणिक वेगळे आहेत, पण इंजिन क्रमांक आणि क्षमता बदलल्याची नोंद व विमा कंपनीला लेखी कळवणे जवळजवळ सर्वत्र आवश्यक असते. काही ठिकाणी अट अधिक कडक असते. कॅलिफोर्नियात नवे इंजिन गाडीच्या वर्षापेक्षा जुने चालत नाही आणि त्याची प्रदूषणरोधक उपकरणे त्यासोबत यावी लागतात. ही चौकशी इंजिन विकत घेण्यापूर्वी करावी, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जागा चेसिसच्या आखणीतच धरावी लागते.

१८. पुढची चाके फिरवणाऱ्या गाडीचे इंजिन मागची चाके फिरवणाऱ्या गाडीत उभे बसवता येते का?

येते, पण पाण्याची तोंडे फायरवॉलकडे येतात, स्टार्टर बोगद्यात अडतो आणि सम्प नव्याने करावा लागतो. फिरण्याची दिशाही पाहावी. होंडाची जुनी बी मालिका बहुतेक इंजिनांच्या उलट दिशेने फिरते. ती साध्या गिअरबॉक्सला जोडली, तर गाडीला एक गिअर पुढे जाण्याचा आणि बाकीचे मागे जाण्याचे मिळतील. के मालिका नेहमीच्या दिशेने फिरते.

१९. पहिल्यांदा इंजिन सुरू करताना काय काळजी घ्यावी?

ठिणगी आणि इंधन बंद ठेवून, तेलदाबाचा काटा हलेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने स्टार्टर फिरवावा. मग फक्त इंधन पंप चालवून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहावा. आग विझवण्याचे साधन हाताशी आणि दुसरा माणूस जवळ हवा. इंजिन नव्याने बांधलेले असून त्यात सपाट टॅपेट (कॅमवर घासत चालणारे) आणि नवा कॅमशाफ्ट असेल, तर ते सुरू होताच सुमारे २,००० फेऱ्यांवर वीस मिनिटे चालवावे लागते; संथ गतीवर सोडल्यास कॅम झिजतो. रोलर टॅपेटच्या इंजिनांना याची गरज नसते.

२०. काढलेले मूळ इंजिन विकून टाकावे का?

नव्या इंजिनावर गाडी निदान हजार किलोमीटर चालेपर्यंत विकू नये, कारण मापे तपासायला आणि किरकोळ ब्रॅकेटांसाठी ते वारंवार लागते. गाडी दुर्मीळ असून इंजिन क्रमांक मूळ नोंदीशी जुळत असेल, तर ते गाडीसोबतच ठेवावे. पुढच्या मालकाच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे असते. साठवताना पाणी पूर्ण काढावे, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून क्रँक दोन फेरे फिरवावा, सगळी तोंडे बंद करावीत आणि त्याचे बोल्ट नाव लिहिलेल्या पिशव्यांत घालून त्याच इंजिनाला बांधून ठेवावेत.